धाडीच्या आधी आणि नंतर

‘कुंटणखान्यावर धाड घालून देहविक्रयातल्या बाईला सोडवलं की प्रश्न सुटला’ असं अनेकांना वाटतं; हे मत मला पटत नाही. त्या रात्री अनोळखी माणसांवर ती बाई विश्वास का ठेवेल? कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेनं १९८८ साली मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. लेकरू पोटभर जेवून सुरक्षित झोपतं, आणि त्या रोजच्या ओळखीतूनच आई बोलती होते. याला वर्षं लागतात, लागू द्यावीत.

मग कागदपत्रं. घरचा पत्ता सांगायची सोय नसते, म्हणून आधार नाही, बँकेत खातं नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय, राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रमाणपत्रावरही आधार द्यायला सांगितलं. मदत करायची असेल तर त्या रांगेत तिच्यासोबत उभे राहा.