सोयीचं तेवढं ऐकू येतं?

ए-१०३ : नमस्कार मंडळी. एक विषय बोलायचाच आहे. बी विंगमधले आजोबा लिफ्टमध्ये नमस्कार केला तरी बघत नाहीत. काल माझी मुलगी म्हणाली, 'आजोबा, सातवा दाबता का?' तर आठवा दाबला आणि वर तिच्यावरच ओरडले. पोर रडत घरी आली.

सी-२०२ : मागच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सवाढीबद्दल त्यांना तीनदा विचारलं, ढिम्म! दिवाळीत पोरांनी पार्किंगमध्ये सुतळी बॉम्ब लावला तेव्हा मात्र लगेच खाली हजर. सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.

ए-५०१ : आणि टीव्ही? रात्री अख्ख्या मजल्याला बातम्या.

बी-६०१ : मी त्यांची सून. ताई, छोटीला भेटायला मी संध्याकाळी येते. पण 'सोयीचं ऐकू येतं' हे वाचून फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय.
अप्पांना आवाज येतो, शब्द लागत नाहीत. वयाबरोबर कान जातो तो आधी उंच पट्टीच्या बारीक आवाजांना. स, श, फ, ट ही व्यंजनं तिथलीच. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते बऱ्यापैकी पोचतात. 'सातवा'मधला स गेला की 'आतवा' उरतं, आणि माणूस ते 'आठवा' असं जुळवून घेतो. मुलांचे आणि आम्हा बायकांचे आवाज उंच, त्यामुळे तिथे जास्त घोटाळा. त्यांना जे ऐकू आलं तेच बटण त्यांनी दाबलं हो. स्वतःचा आवाजही त्यांना कमीच येतो, म्हणून साधं 'काय गं?' म्हटलं तरी खेकसल्यासारखं वाटतं.

सी-२०२ : मग सुतळी बॉम्ब कसा ऐकू आला? वहिनी, खरंच समजून घ्यायचंय.

बी-६०१ : दादा, हेच कुणाला पटत नाही. अशा कानाला हळू आवाज पोचतच नाही, पण ठरावीक पातळीच्या वर गेला की एकदम अंगावर येतो. फटाका त्यांना तुमच्या-माझ्याइतकाच मोठा लागतो. म्हणून कानाशी ओरडूनही उपयोग नाही, आवाज तेवढा वाढतो, शब्द तसाच अस्पष्ट. घरी समोरासमोर बसून ते तासभर गप्पा मारतात. मीटिंगमध्ये पंखे घरघरतात, चार जण एकदम बोलतात, तिथे एक वाक्य धड हाती लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मनात असलं की ऐकतात.

सी-४०१ : मी ऑडिओलॉजी शिकतेय, थोडी भर घालते. आपण डोळ्यांनीही ऐकतो. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'बा' हा आवाज आणि 'गा' म्हणणारे ओठ एकत्र दाखवले, तर बहुतेक मोठ्या माणसांना 'दा' ऐकू आलं. कान ठणठणीत असताना ही गत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची भिस्त तर ओठांवरच असते, म्हणून कोविडमध्ये मास्क आल्यावर त्यांचे फार हाल झाले. लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे असतात. मागून केलेला नमस्कार त्यांना कळणार कसा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चारांपैकी एकाहून जास्त जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण येण्याइतकं कमी ऐकू येतं. आपल्या तीन विंगमध्ये आजोबा एकटे नसणार.

ए-५०१ : मशीन लावत नाहीत का?

बी-६०१ : लावतात. पण चष्मा घातला की दिसलं, तसं ते नसतं. शब्दाबरोबर भांडी, पंखा, लिफ्टची घरघर, सगळंच वाढतं. सवय व्हायलाही वेळ लागतो.

बी-६०१ (अप्पा) : ग्रुप मी रोज वाचतो. लिहिलेले मला पूर्ण समजते. मुलगी घाबरली याचे वाईट वाटले. टीव्हीसाठी आजपासून हेडफोन लावीन. माझ्याशी बोलायचे असल्यास आधी समोर यावे किंवा खांद्याला हात लावावा, म्हणजे मी तोंडाकडे पाहू शकेन. आता मेंटेनन्सबद्दल. इतिवृत्तात वाढ 'सर्वानुमते मंजूर' असे आले आहे. मी संमती दिलेली नाही. प्रश्न काय होता, हेच मला घरी आल्यावर कळले. लिफ्टच्या देखभालीचा करार पाहिल्याशिवाय या वाढीला माझा विरोध आहे.

सेक्रेटरी : काका, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मंजुरी धरली गेली, हे बरोबर नाही. पुढच्या सभेत इतिवृत्तात दुरुस्ती मांडतो. यापुढे विषयपत्रिका आदल्या दिवशी इथे येईल. सभेत माइक असेल, एका वेळी एकानेच उभं राहून बोलायचं. तुमची खुर्ची पुढे, खिडकीकडे पाठ करून ठेवतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड राहील. ज्यांना अशीच अडचण आहे त्यांनी मला वेगळा मेसेज केला तरी चालेल.

ए-१०३ : वहिनी, नक्की या. मुलीला आत्ताच सगळं समजावलं.

सी-२०२ : काका, कराराची प्रत माझ्याकडे आहे. चारही पानं स्कॅन करून इथेच टाकतो. तिसऱ्या पानावरचा सुट्या भागांचा खर्च मलाही नीट कळलेला नाही, तेवढं बघून सांगा.