मदत हवी आहे: खासगी विमानाने मालदीवला जायचं तर काय काय लागतं?

सरकीवाला:
नमस्कार मंडळी. मी वरूडकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. विमानातलं मला काही कळत नाही, पण काम गळ्यात पडलंय. मालकांचा पोरगा अमेरिकेत विमान चालवायला शिकून आला. तिकडचं प्रायव्हेट पायलटचं लायसन त्याच्याकडे आहे. हैदराबादेत त्याच्या मित्राचं चार सीटचं, एका इंजिनाचं सेसना १७२ आहे, व्हीटी नंबरचं, म्हणजे भारतात नोंदलेलं. ठरलंय असं की कापसाचा हंगाम उरकला की फेब्रुवारी-मार्चमध्ये मालक, काकू, पोरगा आणि मालकांचे साडू त्याच विमानाने मालदीवला जाणार. मला म्हणाले, ‘दिवाणजी, कागदं तुम्ही पाहा.’ सातबारा काढण्यासारखं काम आहे असं त्यांना वाटतं.

काल ऑफिसात भिंतीवरच्या नकाशावर मालकांनी माझी खतावणीची फूटपट्टी ठेवली, नकाशावरची सरकीची धूळ फुंकली आणि नागपूर ते माले एक सरळ रेघ मारली. म्हणाले, ‘मधात एकदा पेट्रोल टाकू.’ मी हिशेब केला तर नागपूर ते तिरुवनंतपुरम साधारण १४०० किमी आणि तिथून माले अजून ६००. हे शेवटचे ६०० सगळे पाण्यावरून.

मला कळत नाही ते असं. अमेरिकेचं लायसन इथल्या विमानाला चालतं का? अमरावतीचं बेलोरा विमानतळ आम्हाला जवळ पडतं, आता तिथून मुंबईचं विमानही सुरू झालंय, मग तिथूनच परदेशी निघता येईल का? आणि तो मित्र तासाप्रमाणे ‘खर्चापुरते’ पैसे मागतोय, ते कोणत्या खात्यात दाखवू? एजंटचे नंबर नकोत. ज्याला खरंच माहीत आहे त्याने सांगा.

वऱ्हाडी ठेचा:
तिकीट काहाडून जा म्हणा ना मालकाले! बरं थे जाऊ दे. मालकाचं अन् साडूचं वजन किती हाय, थे पह्यले सांग.

सरकीवाला:
मालक ९५, साडू १०० च्या वर. काकू अन् पोरगा मिळून १३० धरा. काहून?

जुना टॉवर:
ठेचाभाऊंनी थट्टेत बरोबर जागेवर बोट ठेवलंय. मी विमानतळावर फ्लाइट प्लॅन घेण्याच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून जरा लांब लिहितो.

सेसना १७२ च्या नव्या मॉडेलात साधारण २०० लिटर पेट्रोल बसतं. टाकी फुल्ल केली की माणसं आणि सामान मिळून २४०-२५० किलोच उरतात. तुमचे चौघेच सव्वातीनशे झाले, बॅगा अजून बाहेरच आहेत. टाकी अर्धी ठेवून समुद्रावर कोणी जात नाही.

पेट्रोल हा दुसरा घोळ. या इंजिनाला ॲव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतं. ते आपल्याकडेच मोजक्या विमानतळांवर मिळतं. मालदीवात सगळीकडे दिसतात ती पाण्यावर उतरणारी ट्विन ऑटर विमानं टर्बोप्रॉप आहेत, ती एटीएफवर, म्हणजे जेटच्या इंधनावर चालतात. त्यामुळे तिकडे ॲव्हगॅस मिळेलच असं धरून चालू नका. परतीचं पेट्रोल सोबत न्यायचं ठरवलं तर तिथलं सर्वांत उत्तरेचं आंतरराष्ट्रीय विमानतळ हानिमाधू जरी घेतलं, तरी जाऊन-येऊन ९०० किमीच्या वर होतं. टाकीत जेमतेम सहा तासांचं पेट्रोल, वेग ताशी २०० किमीच्या आसपास. त्यात राखीव साठा ठेवायचा आणि समोरून वारा लागला तर तेही धरायचं. मी तरी पोराला हो म्हणणार नाही.

आणि पोराकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न दिसता नुसत्या यंत्रांवर पाहून उडवायची पात्रता आहे का ते आजच विचारा. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआरने, आपल्या नियंत्रित हद्दीत किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांपलीकडे जाता येत नाही, सूर्यास्तानंतरही नाही. मालदीवच्या वाटेत हे १०० मैल ओलांडावेच लागतात. वरच्या निळ्यात खालचं निळं मिसळलं की क्षितिज सापडत नाही, म्हणून हा नियम मला पटतो.

लायसनचं उत्तर सोपं आहे. विमान ज्या देशात नोंदलेलं, लायसन त्या देशाचं किंवा त्या देशाने मान्य केलेलं लागतं. व्हीटी म्हणजे डीजीसीए, आपलं नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं. परीक्षा, मेडिकल आणि रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा.

बेलोऱ्याहून देशातला टप्पा उडता येईल, पण देश सोडताना शेवटचा विमानतळ कस्टम आणि इमिग्रेशनवालाच हवा. नागपूर किंवा तिरुवनंतपुरम चालेल. इथल्या टप्प्यांना एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) नंबर लागतात. मालदीवची उतरायची परवानगी आणि पार्किंग आधी लेखी घ्या. पाण्यावरून जायचं तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि सोबत तराफा, त्याचंही वजन धरा.

पैशांचं मात्र कोणत्याच खात्यात दाखवू नका, कारण द्यायचेच नाहीत. खासगी नोंदणीच्या विमानाला भाडं घेता येत नाही, त्याला वेगळं परमिट लागतं. ‘खर्चापुरते’ म्हटलं तरी तासाचा दर ठरला की ते भाडंच. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल.

ता. क. साडूंना सांगा, बाटली सोबत नेऊ नका. मालदीवचं कस्टम काढून घेतं.

सरकीवाला:
फार उपकार. पोराला विचारलं, रेटिंग नाही. मालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. साडू बाटलीचं ऐकून आपणहून गळले. पण मालकांचं ‘परदेश अन् बेट’ काही सुटत नाही. दुसरं जवळचं काही आहे का?

जुना टॉवर:
श्रीलंका पाहा. तिरुचिरापल्लीला कस्टम-इमिग्रेशन आहे. तिथून जाफन्याचं पलाली १८५ किमीच्या आसपास. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोडिक्कराईवरून गेलात तर उघडं पाणी साधारण ६० किमी. पलाली २०१९ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून सुरू आहे. भारतीय लायसन, तिकडची परवानगी आणि पेट्रोलची चौकशी हे आहेच. शिवाय वाट इतकी जवळची की तिघं आणि बेताचं पेट्रोल, वजनही जमतं. पहिल्यांदा मात्र शेजारच्या सीटवर अनुभवी पायलट बसवा, म्हणजे मालक किंवा काकू, एकाला घरी राहावं लागेल.

वऱ्हाडी ठेचा:
काकूले ने. मालक जिनिंग पाह्यतीन.

सरकीवाला:
हे मी त्यांना सांगणार नाही, नोकरी आहे माझी. पण जाफन्याला कोणी जाऊन आलंय का? तिथे शाकाहारी जेवणाचं कसं, ते काकूंनी विचारायला सांगितलंय.