पुण्यातील व्हर्च्युअल डेस्कटॉप परिषद : 43 प्रस्तावांतून 12 सत्रे कशी निवडावीत?

सत्रसमन्वयक_पुणे यांचा प्रश्न

नमस्कार. डेस्कटॉप आणि अ‍ॅप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन (डेस्कटॉप किंवा प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर वा वेगळ्या कप्प्यात चालवणे) या विषयावर पुण्यात एक दिवसाची परिषद घेण्याचे आम्ही काही समव्यावसायिकांनी ठरवले असून, सत्रांच्या आखणीचे काम माझ्याकडे आले आहे. सेनापती बापट रस्त्यावर दोन सभागृहे मिळण्यासारखी आहेत. मोठ्यात सुमारे 180 माणसे बसतात, लहानात 60. तारीख अजून पक्की नाही, पण महिन्यातला दुसरा शनिवार धरून चाललो आहोत.

आमच्याकडे 43 प्रस्ताव आले आहेत आणि जागा 12 सत्रांपुरती आहे. त्यांपैकी 19 प्रस्ताव उत्पादक कंपन्यांचे किंवा त्यांच्या भागीदारांचे आहेत. ते नीटनेटके लिहिलेले आहेत, त्यांना सारांश आहे, आकृत्या आहेत. प्रत्यक्ष यंत्रणा सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिन मंडळींचे प्रस्ताव मात्र दोन-दोन ओळींचे आहेत. एकाने एवढेच लिहिले आहे : ‘आमच्याकडे सकाळी लॉगिनला दीड मिनिट लागत असे, आता पंचवीस सेकंद लागतात. काय केले ते सांगेन.’ मला स्वतःला हे सत्र ऐकावेसे वाटते, पण समितीतल्या दोघांनी त्याला सर्वांत कमी गुण दिले, कारण त्यात तपासण्यासारखे काहीच नाही.

निवडीचा निकष काय ठेवावा, उत्पादकांना किती सत्रे द्यावीत आणि थेट प्रात्यक्षिकाला परवानगी द्यावी की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

शिवाजीनगर_ईयूसी यांचे उत्तर

त्या दोन ओळींच्या प्रस्तावाला नकार कळवण्याआधी त्या गृहस्थांना एक फोन करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. लॉगिनचा वेळ एका कारणाने वाढत नाही. युझर प्रोफाइल (वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज आणि फाइली) नेटवर्कवरून येण्यास लागणारा वेळ, ग्रुप पॉलिसीची (कंपनीने सर्व यंत्रांना लावलेल्या नियमांची) प्रक्रिया, वर्षानुवर्षे कोणीही न उघडलेली लॉगऑन स्क्रिप्ट (लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञा), प्रिंटर जोडले जाणे, ड्राइव्ह जोडले जाणे, आणि सकाळी साडेनऊला सगळेच एकदम आल्यामुळे स्टोरेजवर पडणारा ताण, असे त्याचे तुकडे पडतात. ‘दीड मिनिटातले किती सेकंद कशाचे होते?’ एवढेच त्यांना विचारा. ज्याने हे काम स्वतः केले आहे तो माणूस तिथल्या तिथे आकडे सांगू लागतो, कारण ते शोधण्यात त्याचे कितीतरी शनिवार-रविवार गेलेले असतात. ज्याने नुसते ऐकले आहे तो ‘आम्ही ऑप्टिमायझेशन केले’ म्हणून थांबतो. लिहून आलेल्या सारांशापेक्षा या एका प्रश्नाच्या उत्तरावर मी जास्त गुण देईन, आणि हाच प्रश्न रूप बदलून सर्व 43 जणांना पाठवीन : तुम्ही सांगणार आहात त्यातले काय तुम्ही स्वतः मोजले आहे?

दुसरी गोष्ट विषयाच्या नावाची. ‘अ‍ॅप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन’ या एकाच शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगळी कामे येतात. एकात अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चालते आणि वापरणाऱ्यापर्यंत फक्त त्याचे चित्र पोचते. सिट्रिक्सने 1995 साली विनफ्रेम आणले तेव्हापासूनची ही वाट आहे. दुसऱ्यात अ‍ॅप्लिकेशन वापरणाऱ्याच्याच विंडोजवर चालते, पण स्वतःची वेगळी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) आणि फाइल सिस्टिम घेऊन, म्हणजे दोन परस्परविरोधी आवृत्त्या एकाच यंत्रावर नांदू शकतात. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी घेऊन आणलेले अ‍ॅप-व्ही आणि व्हीएमवेअरने 2008 मध्ये थिन्स्टॉल घेऊन आणलेले थिनअ‍ॅप ही या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे. तुमच्या यादीत हे दोन्ही एकत्र पडलेले असणार. पॅकेजिंग करणारा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा माणूस पब्लिश केलेल्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या अ‍ॅप्सच्या सत्रात येऊन बसला तर त्याचा पाऊण तास फुकट जातो, म्हणून प्रत्येक सत्राच्या वर्णनात कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते पहिल्याच वाक्यात लिहून घ्यावे.

व्हीडीआयची (व्हर्च्युअल डेस्कटॉप यंत्रणेची) ओळख करून देणारी सत्रे एकाहून जास्त ठेवू नयेत.

डिझाइनऑफिस_अ‍ॅडमिन यांचे उत्तर

प्रात्यक्षिकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे माझे हात पोळले आहेत. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी व्यासपीठावरून आमच्या डेटा सेंटरमधल्या डेस्कटॉपला जोडून त्रिमितीय मॉडेल फिरवून दाखवणार होतो. कार्यालयात आणि घरून तालीम उत्तम झाली होती. सभागृहाच्या वाय-फायवर मात्र यूडीपी (माहिती पाठवण्याची वेगवान पद्धत) बंद होते. डिस्प्ले प्रोटोकॉल (पडद्याचे चित्र पोचवणारी व्यवस्था) मुकाट्याने टीसीपी या संथ पद्धतीवर उतरला, मॉडेल अडखळत फिरू लागले आणि समोरच्या 100 माणसांनी असा निष्कर्ष काढला की कॅडसाठी (संगणकावरच्या डिझाइनसाठी) व्हर्च्युअल डेस्कटॉप निरुपयोगी आहे. मी कारण सांगितले, पण डोळ्यांनी पाहिलेले पुसले जात नाही. तेव्हा सभागृह ठरवण्यापूर्वी तिथे लॅपटॉप घेऊन जा, व्यासपीठावर वेगळी लॅन केबल मिळते का ते पाहा, बाहेर जाणारे यूडीपी सुरू आहे का ते तपासा, आणि प्रत्येक वक्त्याकडून त्याच प्रात्यक्षिकाचे ध्वनिचित्रमुद्रण आदल्या दिवशी मागून घ्या.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरचे ‘सेंट्रल इंडिया’ क्लाउड केंद्र पुण्यातच आहे. पुण्यात बसून पुण्यातल्याच डेस्कटॉपला जोडले तर सगळेच झकास चालते. ज्या श्रोत्याची माणसे नांदेडच्या किंवा सोलापूरच्या शाखेत मोबाइलच्या इंटरनेटवर काम करतात, त्याला या दृश्यातून काहीच कळत नाही. म्हणून वक्त्यांना अशी अट घालावी की प्रात्यक्षिकाचा काही भाग मुद्दाम 150 मिलिसेकंदांचा विलंब आणि थोडा पॅकेट लॉस (माहितीचे तुकडे वाटेत हरवणे) घालून दाखवावा. लिनक्सच्या ‘नेटेम’ या साधनाने हे दोन आज्ञांत होते. त्या स्थितीत टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला किती वेळ लागतो हे जो दाखवील, त्याचे सत्र मी मोठ्या सभागृहात ठेवीन.

ग्राफिक्सवर निदान एक सत्र अवश्य घ्यावे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात वाहन-डिझाइनची एवढी कार्यालये आहेत की या विषयाला इथे जितका जाणता श्रोता मिळेल तितका फार थोड्या शहरांत मिळेल. 24 जीबीचे एक ग्राफिक्स कार्ड 4 जीबीच्या सहा वाट्यांत विभागता येते, हे कागदावर सोपे दिसते. पण मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेले मॉडेल) उघडणाऱ्याला 4 जीबी पुरत नाहीत, आणि वाटा दुप्पट केला की एका कार्डावरची माणसे निम्म्यावर येतात व कार्डाचा माणशी खर्च दुप्पट होतो. डिझायनर मंडळींचा त्रिमितीय माउस यूएसबी रिडायरेक्शनमधून (यूएसबी साधन दूरच्या डेस्कटॉपशी जोडण्याच्या सोयीतून) नेला की हाताची हालचाल आणि मॉडेलचे फिरणे यांत जे अंतर पडते, त्यावरूनच आमच्याकडे पहिल्या आठवड्यात निम्मी माणसे जुन्या वर्कस्टेशनकडे परत गेली होती. ही हकिगत सांगणारा कोणी तुमच्या यादीत नसेल तर मी यायला तयार आहे.

कोथरूड_बँकआयटी यांचे उत्तर

दुसरा शनिवार टाळावा. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यामुळे त्यानंतरचे शनिवार-रविवार (काही महिन्यांत तो दुसराच शनिवार असतो) गोल्डन इमेज (जिच्यावरून सगळे डेस्कटॉप तयार होतात ती मूळ प्रत) अद्ययावत करण्यात आणि सोमवारी सकाळी काही मोडणार नाही ना हे पाहण्यात जातात. तुम्हाला ज्यांना बोलवायचे आहे तीच माणसे त्या दिवशी कामावर असण्याचा संभव आहे. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बँका सुरू असतात. चौथा शनिवार बँकांच्या सुट्टीचा आहे आणि पॅचची धावपळही तोवर ओसरलेली असते. स्थळ शिवाजीनगरच्या बाजूला, जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्थानकाच्या आसपास मिळाले तर पिंपरीकडचे आणि रामवाडीकडचे लोक गाडी न काढता येऊ शकतील.

एक विषय कोणीच सुचवलेला नसेल, म्हणून मांडतो. आमच्या शाखांत अर्ज मराठीत टाइप होतात. दूरच्या सत्राला जोडताना वापरणाऱ्याच्या यंत्रावरचा कीबोर्ड लेआउट बहुधा तिकडे जातो, पण नंतर त्याने आपल्या बाजूला इंग्रजीवरून मराठी केले की सत्र अनेकदा पहिल्याच लेआउटवर राहते. खिडकीशी ग्राहक उभा आणि कर्मचाऱ्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटत आहेत, हे मी शेजारी उभे राहून पाहिले आहे. तक्रार ‘सिस्टिम चालत नाही’ अशी येते, म्हणून ती नेटवर्क विभागात फिरत राहते. देवनागरी टंकन, जुने बिगर-युनिकोड फॉन्ट आणि पासबुक प्रिंटर या तिन्हींवर मिळून अर्ध्या तासाचे मराठीतले सत्र झाले तर शासकीय कार्यालयांतले लोकही आवर्जून येतील.

भागीदार_सल्लागार यांचे उत्तर

मी उत्पादकांच्या बाजूने काम करतो हे आधीच सांगतो आणि तरीही माझे म्हणणे विचारात घ्यावे अशी विनंती करतो. गेल्या काही वर्षांत या क्षेत्राची मालकीच बदलली आहे. सिट्रिक्स 2022 मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडून खाजगी मालकीत गेली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर तिचे होरायझन हे व्हर्च्युअल डेस्कटॉपचे उत्पादन 2024 मध्ये ‘ओम्निसा’ या स्वतंत्र कंपनीकडे गेले. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. लायसन्सचे नूतनीकरण समोर असलेल्या माणसाला पुढच्या तीन वर्षांत काय आधार मिळणार हे विचारायचे असते, आणि त्याचे अधिकृत उत्तर कोणताही अ‍ॅडमिन देऊ शकत नाही.

म्हणून उत्पादकांना चार सत्रे द्यावीत, पण अटी घालून. वक्ता विक्री विभागातला नसून अभियंता असावा. अर्धा वेळ प्रश्नांसाठी राखावा आणि प्रश्न आधी लेखी मागवून वक्त्याला आठवडाभर आधी पाठवावेत, म्हणजे ‘कंपनीत विचारून सांगतो’ असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही. या अटी मान्य नसणारे आपोआप गळतील आणि तुमचे 19 प्रस्ताव सहा-सातवर येतील.

सत्रसमन्वयक_पुणे यांचे पुन्हा उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लॉगिनवाल्या गृहस्थांना काल फोन केला. दीड मिनिटांपैकी चाळीस सेकंद एका बंद पडलेल्या प्रिंट सर्व्हरची वाट पाहण्यात जात होते, तो सर्व्हर दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेला होता आणि त्याचे नाव स्क्रिप्टमध्ये तसेच राहिले होते, हे त्यांनी एका दमात सांगितले. त्यांचे सत्र मोठ्या सभागृहात सकाळी पहिले ठेवले आहे. तारीख चौथ्या शनिवारवर नेली आहे. उत्पादकांना चार सत्रे आणि भागीदार_सल्लागार यांच्या अटी समितीने मान्य केल्या आहेत. डिझाइनऑफिस_अ‍ॅडमिन यांचे नाव ग्राफिक्ससाठी घेतले आहे. तो त्रिमितीय माउस आपण सोबत आणावा.

देवनागरी टंकनाच्या सत्रासाठी अजून वक्ता मिळालेला नाही. कोथरूड_बँकआयटी, आपण स्वतः बोलाल का? लहान सभागृहातली दुपारी साडेतीनची वेळ रविवारपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवतो.