म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला हात लावून बघतं का कोणी?

आईला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. आम्ही ठाण्यात, कोलशेतला राहतो. गादी उलटताना तिच्या पाठीत कळ आली ती जाईचना, म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसणंच तिला सोसवेना, शेवटी भिंतीला टेकून उभी राहिली. आत डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे उजेडात धरला. "एल फोर-एल फाइव्हची, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली, गॅप कमी झालीय, या वयात असायचंच," म्हणाले आणि गोळ्या, पट्टा लिहून दिला. बोलले सगळं माझ्याशी. आई "वर दुखतंय हो, ब्लाउज संपतो तिथे" म्हणत होती, तोवर पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

पट्टा बांधूनही दुखणं वाढतच गेलं. मग नौपाड्यातल्या एका जुन्या डॉक्टरांनी तिला पाठमोरी बसवून एकेका मणक्यावर हलकेच ठोकून पाहिलं. एका जागी ती "आई गं!" करून कळवळली. तिथला फोटो काढला, तर मणका चेपलेला. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, तिचा आकडा (टी-स्कोअर) उणे ३ च्याही खाली. उणे २.५ लाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, धरतात. आता हाडांचं औषध सुरू आहे.

झिजलेली गॅप दुखणं नसलेल्या म्हाताऱ्यांच्या फिल्ममध्येही दिसते. मग नेमकं कुठे दुखतंय हे विचारायला नको? मला याचाच संताप येतो. तुमच्या घरी काय झालं, सविस्तर लिहा.

ऐरोलीहून
बाबांना नसेची गोळी म्हणून प्रीगॅबालिन दिली. आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत, विचारलंही नाही. झोपेची गोळी होतीच. दोन्ही मिळून गरगरायला लागलं आणि रात्री बाथरूममध्ये पडले. शिवाय पेनकिलरनं बीपी वाढलं, किडनीचं क्रिएटिनिन वाढलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला.

नेरूळहून
सासऱ्यांना ज्वेलला, म्हणजे इथल्या फिरायच्या बागेत, अर्धी फेरीही जमत नव्हती, पाय भरून येत. बाकावर बसले की बरं. पण सुपरमार्केटात ट्रॉली ढकलत तासभर फिरायचे! "नाटकं करतात" असंही ऐकून घेतलं त्यांनी बिचाऱ्यांनी. फिजिओ मॅडमनी ट्रॉलीचं ऐकलं आणि लगेच ओळखलं: पुढे वाकलं की मणक्यातली नसांची जागा मोकळी होते. कॅनॉल स्टेनोसिस, म्हणजे ती जागा अरुंद झालेली. एवढ्या तपासण्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.

कळव्याहून
एमआरआय, फिजिओ, सगळं खिशातून. मेडिक्लेमवाले म्हणतात, अ‍ॅडमिट असाल तर बोला. ७० आणि त्यावरच्यांना सरकारी उपचार योजनेचं आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. जरूर काढा. पण तेही अ‍ॅडमिट झाल्यावरच. रोजच्या दुखण्याला वाली नाही.

वाशीहून
ताई, आईंना लवकर आराम पडो. सगळ्यांना एक कळकळीनं सांगते. माझ्या मावशीची पाठ दुखत होतीच, एके दिवशी लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला. ओपीडीत फोन केला तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट. भाचा ऐकेना, थेट कॅज्युअल्टीत घेऊन गेला. त्याच रात्री ऑपरेशन झालं, म्हणून ती आज चालतेय. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर नंबर लावत बसू नका.