विषय: नाशिकला परत जातोय, भाड्याच्या घराबद्दल सल्ला हवा

सर्व मंडळींना नमस्कार,

आमचं अखेर ठरलं. अकरा वर्षं म्युनिकमध्ये काढल्यावर मेअखेरीस आम्ही नाशिकला कायमचे परत जातोय. सासऱ्यांना आता एकटं ठेवणं बरोबर वाटत नाही. त्यांचं घर पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, माडीवर. जिना इतका उभा आहे की गेल्या दिवाळीपासून ते खाली उतरलेलेच नाहीत. त्यामुळे लिफ्ट असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घ्यायचा आणि त्यांना तिथे आणायचं, असं चाललंय. मुलगी सात वर्षांची आहे. यांचा पासपोर्ट भारतीय. मी आणि लेक जर्मन पासपोर्टवर, दोघींचं ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, आहे.

एक ब्रोकर व्हॉट्सअ‍ॅपवर गंगापूर रोडच्या एका फ्लॅटचे व्हिडिओ पाठवतोय. फ्लॅट छान दिसतोय. "उद्यापर्यंत टोकन टाका, नाहीतर जाईल" म्हणतो. टाकू का? जे परत गेलेत त्यांनी कृपया सांगावं.

*

वहिनी,

टोकन टाकू नका. फ्लॅट गेला तर जाऊ दे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमकं हेच केलं होतं. व्हिडिओ बघून इंदिरानगरचा फ्लॅट धरला, जर्मनीतूनच पैसे पाठवले. व्हिडिओ सकाळचा होता. आम्ही एप्रिलच्या दुपारी कुलूप उघडलं, तर बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून ठेवता येत नव्हता. महापालिकेचं पाणी सकाळी तासभर, बाकी दिवसभर बोअरचं. ते इतकं जड की डाळ लवकर शिजेना आणि महिनाभरात नळाच्या जाळीवर पांढरा थर. तेव्हा घर दोनदा बघा: एकदा सकाळी पाण्याच्या वेळेला, एकदा दुपारी चारला. आणि वॉचमनशी बोला. टँकर कोणत्या महिन्यात मागवावा लागतो हे ब्रोकर सांगत नाही, वॉचमन सांगतो.

पण ऊन-पाण्यापेक्षा आम्हाला कागदाने जास्त रडवलं. ब्रोकरने स्टँप पेपरवर नोटरी केलेला करार हातात दिला. "अकरा महिन्यांचाच तर आहे, रजिस्टर करावा लागत नाही." आम्ही मान डोलावली. मग तो कागद घेऊन बँकेत गेलो, परत पाठवलं. गॅसच्या एजन्सीत गेलो, तिथेही परत. तिकडे जर्मनीत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, झाल्याशिवाय जसं काहीच हलत नाही, तसं इथे नोंदवलेला भाडेकरार हातात नसला की प्रत्येक खिडकीवर अडतं. सहा आठवडे आमच्याकडे राहायला घर होतं, पण पत्ता नव्हता.

महाराष्ट्रात अकरा महिन्यांची ती पळवाट नाहीच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाड्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने ती केली नाही, तर अटींबद्दल वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. हे नुसतं शांतपणे बोलून दाखवलं तरी बरेच मालक तयार होतात.

खर्चही फार नाही. समजा भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ५६४ रुपये. शहरी भागातली नोंदणी फी १,०००. वर एजंटचा मेहनताना. तो मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठे घेतो आणि काम होतं.

इथे तुमचा एक मुद्दा आहे. ऑनलाइन नोंदणीला आधार लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना आल्या आल्या आधार काढता येतं. ओसीआयवाल्यांना मात्र आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय मिळत नाही. म्हणून करार तुमच्या यजमानांच्या एकट्याच्या नावावर करा, आणि राहणाऱ्यांमध्ये तुमचं, लेकीचं व बाबांचं नाव घालून घ्या. आमच्या करारात ते राहिलं होतं.

एरियाबद्दल. बाबांचा जन्म पंचवटीत गेला असेल, तर त्यांना पाथर्डी फाट्याला नेऊ नका. घर कितीही मोठं मिळालं तरी नको. माझ्या आईला आम्ही रविवार कारंज्यावरून इंदिरानगरला आणलं, तर ती चार महिने खिडकीत बसून होती. ओळखीचा भाजीवालासुद्धा नाही. पण अगदी रामकुंडाजवळही घेऊ नका. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. पर्वणीच्या दिवसांत त्या भागात गाड्यांना रस्ते बंद असतात, आणि घरात आजारी माणूस असताना ते परवडणारं नाही. पंडित कॉलनी किंवा गंगापूर रोडचा अशोक स्तंभाकडचा भाग बघा. तिथून होळकर पुलावरून रिक्षाने बाबा संध्याकाळी काळारामाला जाऊन येतील.

घर मिळेपर्यंत महिनाभर नातेवाइकांकडे राहा. अडचण होते, पण टोकन बुडण्यापेक्षा बरं. आणि लेकीला आत्तापासून मराठी वाचायला बसवा. राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. बोलता येतं म्हणून आम्ही निश्चिंत होतो, आणि पोरगा जोडाक्षरांशी अडून वर्गात रडला.

– नाशिकहून, मंडळाची जुनी खजिनदार

*

नमस्कार,

ताईंनी सगळं नेमकं लिहिलंय. मी मालकाच्या बाजूने एक भर घालतो, कारण नाशिकमध्ये माझाही फ्लॅट आहे आणि मी इथे न्युर्नबर्गला.

ब्रोकरला पहिला प्रश्न हा विचारा: मालक भारतात राहतो का? मालक अनिवासी असेल तर भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा कर, आधीच कापून सरकारात भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही कमी असो. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो. माझ्या पहिल्या भाडेकरूला हे मीही सांगितलं नव्हतं, मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. नोटीस त्या बिचाऱ्याला आली. त्याची रक्कम मी भरून दिली, पण त्याला झालेला मनस्ताप मला अजून खुपतो.

इकडचं घर सोडताना: क्युंडिगुंग, म्हणजे घर सोडण्याची नोटीस, ईमेलने चालत नाही. कागदावर, करारात नावं असलेल्या दोघांच्या सह्यांसह हवी. मेअखेर सोडायचं तर मार्चच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती मालकाच्या हातात पडली पाहिजे. आबमेल्डुंग, म्हणजे इथल्या पत्त्याची नोंद काढून टाकणं, निघायच्या आठवडाभर आधी करता येते. त्याचा कागद जपून ठेवा, फोन-इंटरनेटचे करार बंद करायला तोच लागतो.

*

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार.

टोकन टाकलं नाही. ब्रोकर म्हणाला, फ्लॅट गेला. चौथ्या दिवशी त्याच फ्लॅटचे व्हिडिओ पुन्हा आले. मालक कुठे राहतो विचारलं, तर अजून उत्तर नाही. क्युंडिगुंगवर काल दोघांनी सह्या केल्या, उद्या स्वतः नेऊन देतोय. महिनाभर नणंदेकडे, नाशिकच्या मेरी भागात राहू.

बाबांना फोनवर पंडित कॉलनीचं सांगितलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का, ते विचारून घे." त्या बाजूला कोणत्या सोसायट्यांत लिफ्टला जनरेटर आहे, हे ताई, तुम्हाला ठाऊक असेल तर कळवाल का?

– म्युनिकहून, सध्या