‘कोसला’ तुम्ही कितव्या वर्षी वाचलीत? आणि खरं सांगा, आवडली?

दांडियाबाजारकरीण
मुलगा पुण्याला होस्टेलवर जायचाय. परवा माळ्यावरची जुनी बॅग काढली तर तळाशी माझी एम.ए.ची ‘कोसला’. समासात पेन्सिलीने ‘बोअर’, चार पानांवर ‘परत बोअर’, एका ठिकाणी नुसती फुली. अक्षर माझंच.

युनिव्हर्सिटीत सर सांगायचे की १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ लिहून मराठी कादंबरीची बसलेली घडी मोडली. मी सकाळी दोन शिकवण्या उरकून, सायकल हाणत वर्गात पोचायचे. मला कसली घडी नि कसलं काय. हा पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्यात राहणार, जगाला नावं ठेवणार, नापास होऊन गावी परत येणार, आणि आम्ही त्यावर टिपणं काढायची! मुलीने हेच केलं असतं तर कादंबरी नसती झाली, लग्न झालं असतं.

पण मनी. त्याची धाकटी बहीण देवी येऊन जाते ती पानं मी बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत वाचली होती. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे ना, वर कोणी चाललं की डोक्यावर सावली सरकते. रडू दिसू नये म्हणून मी वर बघत बसले होते. पुढच्या पानांवर मात्र परत ‘बोअर’.

या आठवड्यात पुन्हा वाचली. या खेपेला मी त्याच्या वडिलांचे पैसे मोजत होते. तुमचं सांगा.

भाकरवडी
पान २०. पाच वर्षं झाली. खूण म्हणून लाइटबिल ठेवलंय, ते पण भरायचं राहिलं होतं.

खानदेशी बडोदेकर
आम्ही यावलकडचे, नोकरीमुळे इकडे. सांगवी आमच्या बाजूचीच. सगळे ‘प्रयोग’ ‘प्रयोग’ करतात, मला तर ते काकांचं खळं वाटलं. तशीच माणसं, तसंच एकमेकांचं उणंदुणं. पहिल्यांदा पुस्तकात आपल्याकडचं बोलणं बघून मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. ती सदाशिव पेठेतली. म्हणाली, यात विनोद कुठाय?
पण तिचा एक मुद्दा खोडता आला नाही. मनी आणि आई सोडून यात बाई कुठे आहे? मुलगी दिसली की हा चिडवणार नाहीतर घाबरणार.

अर्धवट
वय २२, इंजिनीअरिंग, थर्ड इयरला केटी, म्हणजे एक विषय राहिलाय. काकू, सॉरी, पण तो माजोरडा नाहीये. तो घाबरलाय. रात्री दोनला होस्टेलच्या गच्चीवर बसून जे वाटतं आणि घरी फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणतो, ते आहे ते. डायरीचा भाग मी तीनदा वाचला. काही घडतच नाही, तेच तर. अजिंठ्याला जातात तो भाग बेस्ट.
पप्पांना वाचायला दिली तर म्हणाले, केटी क्लिअर कर आधी

भाकरवडी
@अर्धवट पप्पा बरोबर आहेत ने 😀

रावपुऱ्यातले आजोबा
मुलगी टाइप करते आहे, मी सांगतो आहे. देवीचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ चा. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी देवी पाहिलेल्याच नाहीत. माझ्या दंडावर लशीचे दोन वण आहेत, नातू विचारतो हे काय. आमची धाकटी बहीण त्यातच गेली. घरात फोडणी बंद, दारात कडुनिंबाचा डहाळा, आणि आई ‘देवी आल्यात, रागावू नका’ म्हणायची. तो पांडुरंग घरच्यांवर, गावावर, देवावर सगळ्यांवर जो संतापतो, तो मला तेव्हा करता आला नाही. बाकीचं पुस्तक मला फार रुचलं नाही. पानोपानी ‘उदाहरणार्थ’ नि ‘वगैरे’ फार आहे.

दांडियाबाजारकरीण
🙏 आजोबा.

चकलीचा सोऱ्या
आमच्या सुनेनं गुजरातीत वाचली, ‘कोशेटो’. मला विचारते, मम्मी, आ माणस काम शुं करे छे? मी म्हटलं तोच तर प्रश्न आहे बाई.
@दांडियाबाजारकरीण मुलाला मेस लावली का? सुरुवातीला आठ दिवस जेवण जात नाही. लिलो चेवडो देऊ नका, टिकत नाही, पातळ पोह्यांचा द्या. आणि लोणचं प्लास्टिकच्या डब्यात नको, माझ्या भाच्याच्या सगळ्या शर्टांना तेल.

खानदेशी बडोदेकर
बरोबर कळण्याचं पीठ पण द्या. भाकरी कोण करणार ते मात्र विचारू नका.

अर्धवट
@आजोबा वाचून गप्प बसलो. मला तो भाग पहिल्यांदा नुसता ‘भारी लिहिलाय’ वाटला होता.

सूरसागरची पाल
मी नेमाडे वाचले नाहीत पण ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते, मराठी म्हणून. धागा वाचून आता अपराधी वाटतंय. त्यांच्या ‘हिंदू’ कादंबरीने सुरुवात केली तर चालेल का?

भाकरवडी
त्याला खूण म्हणून घराचा कर ठेवावा लागेल. जाडी बघा आधी.

दांडियाबाजारकरीण
अपडेट. बॅग भरताना पुस्तक त्यानेच आत टाकलं. मी म्हटलं समासातलं वाचू नकोस. गाडी सुरतला पोचायच्या आत मेसेज: ‘आई, तू उदाहरणार्थ एवढी चिडकी होतीस वगैरे?’
आज दुसरा: ‘मेसचा अॅडव्हान्स उदाहरणार्थ तीन हजार.’
पाठवले.
@चकलीचा सोऱ्या चेवड्यात शेंगदाणे आधी तळायचे की पोह्यांबरोबर?