मदत हवी आहे : आठ महिने बंद असलेले घर लवकर विकायचे आहे, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. आई-वडील माझ्याकडे राहायला आल्यापासून त्यांचे घर गेले आठ महिने बंद आहे आणि आता ते विकावे असे आम्ही दोघा भावंडांनी ठरवले आहे. दोन शयनगृहे, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि छोटी बाल्कनी असे हे वरच्या मजल्यावरचे घर असून बांधकाम २५ वर्षांपूर्वीचे आहे. एक देणे फेडायचे असल्यामुळे ३ महिन्यांच्या आत व्यवहार व्हावा अशी निकड आहे. हाताशी वेळ मात्र फक्त शनिवार-रविवारचा, आणि खर्चही बेतानेच करायचा आहे.

गेल्या महिन्यात तीन कुटुंबे घर पाहून गेली. तिन्ही वेळी मंडळी बैठकीच्या खोलीत क्षणभर थांबली, न्हाणीघरापर्यंत जाऊन परतली आणि दहा मिनिटांत "कळवतो" म्हणून निघाली. शेवटच्या कुटुंबातल्या आजींनी तेवढे जाता जाता स्पष्ट सांगितले, की घरात कसलातरी कुबट वास येतो. आम्हाला तो कधीच जाणवला नव्हता. ऐकून वाईट वाटले हे खरे, पण तिन्ही भेटींतून हाती लागलेली उपयोगी माहिती तेवढीच.

सर्वांत मोठी अडचण एका भिंतीची आहे. शयनगृह आणि न्हाणीघर यांच्यामधल्या भिंतीला शयनगृहाच्या बाजूने, जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत पोपडे आले आहेत आणि बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला लागते. आमच्या मध्यस्थांचे म्हणणे असे, की पुट्टी भरून रंगाचे दोन हात द्यावेत आणि पुढे कपाट उभे करावे, म्हणजे प्रश्न मिटला. हे माझ्या मनाला पटत नाही, पण पर्यायही सुचत नाही.

दुसरा प्रश्न सामानाचा. धाकट्या भावाच्या मते घर पूर्ण रिकामे करून दाखवावे. रिकाम्या खोल्या उलट लहान भासतात असे मी ऐकले आहे, तेव्हा यातले खरे काय? शिवाय स्वयंपाकघरातला ओटा आणि ट्रॉल्या जुन्या झाल्या आहेत, त्या बदलणे आवश्यक आहे का? जाहिरातीसाठी मी काढलेले फोटोही अंधारे आणि पिवळट दिसतात. या सगळ्यांतले आधी काय हाती घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली दोन घरे विकताना मी यातल्या बहुतेक चुका करून बसलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कामांचा क्रम आपल्या आवडीने नव्हे, तर भिंतीच्या गतीने ठरेल. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. ओलीबरोबर विटा आणि गिलाव्यातले क्षार बाहेर येतात आणि पाणी उडून गेले की पृष्ठभागावर उरतात. त्यावर रंग दिला तर काही आठवड्यांतच पुन्हा पोपडे धरतात, आणि नव्या रंगावरचे पोपडे घर पाहणाऱ्याला जुन्या डागापेक्षा जास्त खटकतात. कपाटाचा सल्ला तर मुळीच मानू नये. घर घेणारा माणूस कपाटामागे डोकावतोच, आणि तिथे काही दडवलेले सापडले की उरलेल्या घराबद्दलचाही त्याचा विश्वास उडतो.

आधी ओल कुठली ते पाहावे. सुटलेले पोपडे खरवडून ती जागा वरून कोरडी करावी आणि तिथे ॲल्युमिनियमच्या फॉईलचा वीतभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा. २४ ते ४८ तासांनी भिंतीकडच्या बाजूला ओलावा दिसला तर पाणी भिंतीच्या आतून येत आहे, आणि खोलीकडच्या बाजूला दिसला तर बंद घरातली दमट हवा कारणीभूत आहे. पलीकडे न्हाणीघर असल्यामुळे मला पहिल्या शक्यतेचाच संशय येतो. टाइल्सच्या फटींतले जुने सिमेंट झिजले असेल, किंवा भिंतीतली एखादी नळजोडणी गळत असेल. घरातले सगळे नळ बंद ठेवूनही पाण्याच्या मीटरचा काटा फिरत असेल तर गळती नळाची समजावी. नसेल तर फटी उकरून नव्याने भरून घ्याव्यात. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा, कारण धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. नवा गिलावा करावा लागला तर रंगापूर्वी तो साधारण चार आठवडे वाळू द्यावा. आपल्या ३ महिन्यांतला एक महिना असा भिंतीकडे जातो, म्हणून हे काम येत्या शनिवारीच सुरू व्हायला हवे.

आजींना आलेल्या वासाचे एक कारण ओल असेल, पण बंद घरात दुसरे एक कारण हमखास असते. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या खोलगट भांड्यात, नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच सांडपाण्याच्या नळातली दुर्गंधी अडवून धरते. महिनोन्‌महिने वापर नसला की ते पाणी आटते. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतावे, वर चमचाभर तेल सोडले तर ते लवकर उडत नाही. खर्च शून्य. सुगंधी फवारा मात्र मारू नये, त्याने काहीतरी लपवल्याचा संशय येतो.

सामानाबाबत आपण ऐकले ते बरोबर आहे. पूर्ण रिकाम्या खोलीत पलंग कुठे बसेल याचा अंदाज येत नाही आणि नजर सरळ भिंतींवरच्या डागांवर जाते. शयनगृहात पलंग आणि एक कपाट, बैठकीत बसायची सोय आणि मेज एवढे ठेवून बाकीचे हलवावे. माळेही निम्मे रिकामे करावेत, कारण लोक झडपा उघडून पाहतात आणि खच्चून भरलेला माळा "इथे जागा पुरत नाही" असेच सांगतो.

ओटा बदलू नका. नवीन मालक तो आपल्या सोयीने करून घेतोच. अडकणारी ट्रॉली, ठिबकणारा नळ, कुरकुरणारी बिजागरी आणि न लागणारी बटणे मात्र दुरुस्त करावीत.

प्रतिसाद २

फोटोंपुरते सांगते. एकाच खोलीत एक दिवा २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर आणि दुसरा ६५०० केल्विनचा निळसर असला, तर कॅमेरा गोंधळतो आणि भिंती मळकट दिसतात. सगळीकडे ४००० केल्विनचे दिवे लावावेत, पडदे पूर्ण उघडावेत आणि फोटो दिवसा काढावेत. मोबाईल छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरावा. खोली मोठी दिसावी म्हणून सर्वांत रुंद भिंग वापरू नये. प्रत्यक्ष खोली पाहताच माणसाला फसवल्यासारखे वाटते आणि ती भेट तिथेच संपते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फॉईल भिंतीकडच्या बाजूने ओली निघाली. मीटर स्थिर होता, म्हणजे दोष टाइल्सच्या फटींचाच, आणि त्या भरून घेतल्या आहेत. जाळ्यांत पाणी ओतल्यानंतर शेजारच्या काकूंना मुद्दाम आत बोलावून विचारले, कारण आमच्या नाकावर आता आमचाच विश्वास नाही. वास बराच कमी झाल्याचे त्या म्हणाल्या. भिंत वाळेपर्यंत घर दाखवणे थांबवावे का, आणि दुरुस्तीविषयी ग्राहकाला आपणहून सांगावे का?

प्रतिसाद १

उघडा गिलावा दाखवण्यापेक्षा थांबलेले बरे. तोवर माळे आणि दिवे उरकता येतील; जाहिरात रंग झाल्यावर नव्या फोटोंसह द्यावी, कारण ती नवी असते तेव्हाच सर्वाधिक लोक चौकशी करतात. दुरुस्तीबद्दल अवश्य सांगावे. उकरलेल्या फटींचे फोटो तारखेसह ठेवले असतील तर ते आणि कारागिराची पावती दाखवावी. काढले नसतील तर निदान गिलाव्याचे आजच काढून ठेवा, रंग लागल्यावर ते मिळणार नाहीत.